निळ्या दिवसांतलं लाल अक्षर

१

थोरल्या बादशहांना स्वर्गवासी होऊन चौऱ्याऐंशी दिवस झाले होते, आणि पेटीत एक कागद जास्त निघाला.

कमी निघाला असता तर कुणाची झोप उडाली नसती. कमी पडलेल्या कागदासाठी कुठल्याही कचेरीत कारणं तयार असतात: उंदीर, वाळवी, गळकं छप्पर, आधीचा कारकून. जास्त कागदाला मात्र कारण सापडत नाही. उंदीर कागद खातात, लिहीत नाहीत.

"पुन्हा मोजा," श्यांगसाहेब म्हणाले.

तिघांनी पुन्हा मोजले. चव्वेचाळीस. राजवाड्यातून पेटीबरोबर आलेल्या मोहोरबंद यादीवर आकडा होता त्रेचाळीस.

राजवाड्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यातल्या या कचेरीचं काम एकच होतं, थोरल्या बादशहांचं चरित्र आणि कारकीर्द लिहून काढणं. बावन्न वर्षांची कारकीर्द, बावन्न पेट्या. प्रत्येक पेटीत त्या त्या वर्षी आलेले अर्ज, आणि अर्जांवर खुद्द बादशहांच्या हातचे लाल हिंगुळी शाईचे शेरे. लाल शाई वापरायचा हक्क साऱ्या साम्राज्यात एका माणसाला. तो माणूस गेला की त्याचं प्रत्येक लाल अक्षर मुकाट्यानं राजवाड्यात परत करायचं. एखादं घरी ठेवून घेतलेलं सापडलं, तर ठेवणाऱ्याचं डोकं घरी राहत नसे.

कचेरीत माणसं चार. चिनी पंडित श्यांगसाहेब प्रमुख. मंगोल भाषांतरकार दामरिन, अंगानं बैलासारखा आणि जिभेनं त्याहून सैल. नकलनवीस निए, सत्तावीस वर्षांचा, मोत्यासारखं अक्षर. आणि मांचू भाषांतरकार केशितू, वय सदुसष्ट, ज्याला निवृत्तीचे वेध लागले होते. बादशहांच्या मृत्यूनंतर शंभर दिवस वस्तऱ्याला बंदी, म्हणून चौघांच्याही एरवी तुळतुळीत असणाऱ्या कपाळांवर साळिंदरासारखे केस उभे राहिले होते. शंभर दिवसांच्या आत केस भादरले, तर ज्यावर भादरले तो अवयवच जप्त होत असे.

जास्तीचा कागद केशितूनंच उलगडला. पिवळ्या नदीकाठच्या श्वांगकोउ तालुक्याचा मामलेदार फाङ याचा अर्ज. पूर आला आहे, माणसं झाडांच्या साली खात आहेत, सरकारी धान्याची कोठारं उघडायची परवानगी असावी. खाली लाल अक्षरात शेरा होता:

"कोठारं उघड. दुसऱ्या पत्राची वाट पाहू नकोस. भूक वाट पाहत नाही. वर्ष एकतिसावं, आठवा महिना, पंधरावा दिवस."

फाङचं पुढं काय झालं ते चौघांनाही ठाऊक होतं. त्याच पेटीत होतं. परवानगीशिवाय कोठारं उघडली म्हणून प्रांताच्या सुभेदारानं नवव्या महिन्यात त्याचं डोकं उडवलं होतं आणि तसा अहवाल पाठवला होता. अहवालावर बादशहांचा शेरा होता: "समजलं."

"म्हणजे..." दामरिननं तोंड उघडलं.

"म्हणजे काही नाही!" श्यांगसाहेब किंचाळले. "कुणी काही म्हणायचं नाही!"

कागद खरा मानला, तर बादशहांनी स्वतःचीच आज्ञा पाळणाऱ्या माणसाचं डोकं उडालेलं 'समजून' घेतलं होतं. हे लिहिणाऱ्याला फाशी. खोटा मानला, तर कुणीतरी बादशहांचं अक्षर काढलं होतं. त्याचे हजार तुकडे. आणि पेटीला हात लावणारे जगात चौघेच.

आणि फाङचं डोकं उडवणारा तेव्हाचा सुभेदार खुतुरी आज साम्राज्याचा मुख्य प्रधान होता. चरित्राच्या कामावर देखरेखही त्याचीच.

"हे प्रधानसाहेबांच्या कानावर जाता कामा नये," केशितू हळूच म्हणाला.

श्यांगसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "मी... मी पहिल्या मोजणीनंतरच चिठ्ठी पाठवली," ते म्हणाले.

२

प्रधानांचं उत्तर चहा निवायच्या आत आलं. परवा दुपारी ते स्वतः पेटी पाहायला येणार होते. 'कागद खरा की खोटा, आणि तो आत कुणी घातला, या दोन प्रश्नांची दोन उत्तरं तयार ठेवावी. उत्तरं नसतील, तर चौघांनी तयार राहावं.' अक्षर सुबक होतं.

"केशितूदादा, हे तुम्हीच शोधा," श्यांगसाहेब म्हणाले. "तुम्ही वडीलधारे. चाळीस वर्षं बादशहांचं अक्षर पाहिलंय तुम्ही."

"मला दूरचं दिसत नाही हल्ली."

"कागद जवळूनच बघायचाय."

अशा रीतीनं केशितू तपासनीस झाला. त्याला एवढंच कळत होतं, की आपल्या पोटात बर्फाचा एक गोळा बसला आहे आणि परवा दुपारपर्यंत तो वितळायचा नाही.

संध्याकाळी घरी बायकोनं शेवया वाढल्या. सुतकातल्या, बिनमांसाच्या. केशितूच्या हातातल्या काड्या वाडग्यावर टकटक वाजत होत्या.

"दारावर कुणी आलंय का?" तिनं विचारलं.

"मीच वाजतोय," केशितू म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत त्यानं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. लपवणं जमलंच नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. "त्या फाङची माणसं?"

"बायको इलीला हद्दपार. पार पश्चिम टोकाला, लष्करी छावणीत मोलकरीण म्हणून. दरवर्षी तिचा अर्ज येतो, नवरा निर्दोष होता म्हणून. दरवर्षी कपाटात जातो."

"किती वर्षं?"

"एकवीस."

"आणि तुम्हाला भीती कसली वाटते? खरं निघेल याची, की खोटं निघेल याची?"

केशितूनं शेवयांकडे पाहिलं. "विचारतील याची," तो म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे शोक झाला. पेटी उघडण्याआधी चौघांनी तिच्यासमोर गुडघे टेकून मोठ्यानं रडायचं, हा श्यांगसाहेबांचा स्वतःचा नियम होता. वरून आला नव्हता, पण वरच्यांना कळावा अशी त्यांची इच्छा होती. श्यांगसाहेब मनात आकडे मोजत रडत आणि साठ झाले की "पुरे" म्हणत. दामरिनचा हंबरडा ऐकून अंगणातली कबुतरं उडत. केशितू बाहीत तोंड घालून खोकत असे, तेवढ्यानं भागायचं. निए मात्र आवाज न करता रडे, आणि उठल्यावर डोळे पुसायला त्याला दोनदा बाही लागे.

"आता तपास," श्यांगसाहेब म्हणाले, "माझ्यापासून सुरू करा. माझं निर्दोषत्व आधी सिद्ध झालं की मला तुम्हाला मदत करता येईल."

"साहेब, तुमचं मत काय?"

"खोटा! शंभर टक्के खोटा!" त्यांनी भिंतीवरच्या सुतकाच्या तक्त्याकडे बोट केलं. "एकतिसावं वर्ष. आठव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी राजमाता वारल्या. तिथून सत्तावीस दिवस बादशहांनी निळ्या शाईनं लिहिलं. सुतकात लाल कुंचला चालत नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि हा पंधराव्या दिवशीचा शेरा लालभडक! ज्यानं केला त्याला तक्ता पाहायचं सुचलं नाही."

"बादशहा तेव्हा शिकारीच्या छावणीत होते. उत्तरेला, चीनच्या मोठ्या भिंतीपलीकडे."

"असेनात का. दरबारच्या रोजनिशीत स्वच्छ लिहिलंय. राजमाता वारल्या त्याच सकाळी मातृभक्त बादशहांच्या काळजात कळ उठली, आणि काही कळायच्या आधीच त्यांनी लाल कुंचला खाली ठेवून निळा उचलला."

केशितू त्या वर्षी छावणीत होता. त्या सकाळचं त्याला काही वेगळंच आठवत होतं. पण सदुसष्ट वर्षांच्या माणसानं कचेरीत काही आठवू नये, हे त्याला कळत होतं. त्यानं नुसती मान हलवली.

दामरिन अंगणात उन्हात बसून कपाळ खाजवत होता. "दादा, मी सांगू कुणी केलं? कुणीही केलेलं नाही. आपल्याला चौघांना एकदम उडवायचं ठरलंय, बाकी सगळं निमित्त."

"तू नाहीस ना?"

"मला चिनी अक्षर काढता येत असतं, तर मी श्यांगसाहेबाच्या जागी नसतो का? माझी 'मासा' आणि 'घोडा' ही अक्षरं सारखी येतात. पंधरा दिवस राहिले हो वस्तऱ्याला. तोवर डोकं राहिलं, तर पहिली हजामत तुमच्यातर्फे."

निए आत नक्कल उतरवत होता. केशितू समोर बसला तसा त्याचा कुंचला थांबला. कपाळावरचे केस भुवयांवर येत होते. त्यानं ते मागं सारले.

"वडील कसे आहेत, निए? दुखणं बरं झालं ना?" थोरला निए त्या छावणीत टपाल रवाना करणारा कारकून होता. केशितूची त्याच्याशी जुनी ओळख.

"बरे आहेत, काका. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"बावीस दिवस रजा काढली होतीस ना त्यांच्यासाठी?"

"हो. परत आलो त्याच दिवशी बादशहा..." निएनं मान खाली घातली.

"कागदाबद्दल तुझं मत?"

"मी नकलनवीस आहे, काका. मला मत नसतं."

उत्तर बरोबर होतं. पण देताना त्याच्या कुंचल्यातून शाईचा एक थेंब बादशहांच्या चरित्रावर पडला, आणि मोत्यासारख्या अक्षराच्या त्या मुलानं तो टिपलाच नाही.

४

दुपारी केशितूनं एकट्यानं पेटी उघडली.

श्यांगसाहेबांचं म्हणणं तो मनात पुन्हा घोळवत होता. लाल, म्हणून खोटा. पण मग खोटा कागद करणारा किती मूर्ख म्हणायचा? या कचेरीतल्या कुणी केला असेल, तर त्याच्या डोक्यावर दिवसभर सुतकाचा तक्ता लटकत होता. तक्ता पाहून लिहिणाऱ्यानं निळ्या शाईनं लिहिलं असतं. आपण सगळे तीन महिने या सुतकाशिवाय दुसरं बोलतोय काय? इथला माणूस एक वेळ बादशहांचं नाव चुकेल, शाईचा रंग चुकणार नाही.

पंधराव्या दिवशी लाल लिहील तो एकच माणूस. ज्याला आई गेल्याचं ठाऊकच नाही तो.

आता केशितूनं स्वतःला ती सकाळ आठवू दिली. अकरावा दिवस. काळजात कळ वगैरे काही नाही. बादशहांनी दोन काळवीट मारले होते, भाजलेलं काळीज खाल्लं होतं, आणि तिसऱ्याच्या मागं घोडा घातला होता. ज्या पावसानं श्वांगकोउ बुडवलं, त्याच पावसानं राजधानीच्या वाटेवरचा पूल नेला होता. फाङचा अर्ज पूल जाण्याआधी छावणीत पोचला होता. राजमातेची बातमी मात्र नदीच्या अलीकडे चार दिवस अडकून पडली. ती पोचली पंधराव्या दिवशी, भर दुपारी. तोवर बादशहा लालच लिहीत होते. आई गेलेली, आणि मुलगा मजेत शिकार खेळतोय. असं घडलं होतं, म्हणूनच रोजनिशीत तसं नव्हतं.

म्हणजे कागद खरा. लाल होता हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा.

पण हे बोलायचं कुठल्या तोंडानं? 'मातृभक्त बादशहा त्या दिवशी काळवीट खात होते' एवढं म्हणायला केशितूच्या खांद्यावर दुसरं डोकं नव्हतं.

त्यानं उरलेले त्रेचाळीस कागद एकेक करून तारखांसाठी उलगडले. छावणीत बादशहांनी त्या चार दिवसांत आणखी काही लिहिलंच असणार. बाराव्या दिवशीचा एक निघाला, कातड्यांच्या अंगरख्यांबद्दल. लाल. चौदाव्या दिवशीचा एक, घोड्यांच्या दाण्याबद्दल. लाल.

तेराव्या दिवशीचाही निघाला. केशितूनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि घाईनं मिटला, जणू आतून काहीतरी चावणार होतं.

५

त्याच दिवशी कचेरी सुटताना त्यानं निएला कबुतरांच्या खुराड्यामागं गाठलं.

"निए, सगळ्या राजधानीचे केस सध्या एकाच मापाचे आहेत," तो म्हणाला. "माझे, दामरिनचे, श्यांगसाहेबांचे, दारावरच्या पहारेकऱ्याचे. पंच्याऐंशी दिवसांचे. तुझे नखभर जास्त आहेत."

"आजारपणात हजामत राहून गेली, काका."

"तीन आठवडे? की आई किंवा बाप गेला की वस्तरा सोडतात, तसा सोडलास?"

निएनं कपाळावर हात ठेवला.

"आणि सकाळच्या शोकात आपल्या चौघांत तू एकटा खरा रडतोस."

"बादशहांसाठी..."

"बाळा, मी त्यांचा चाळीस वर्षांचा नोकर आहे. त्यांच्यासाठी एवढं कुणी रडत नाही." केशितूनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं, तरी त्यानं आवाज आणखी उतरवला. "कधी गेला रे माझा मित्र?"

निए भिंतीला टेकून खाली बसला. "रजेच्या दुसऱ्याच दिवशी."

"कळवलं का नाहीस? बाप गेला की नोकरी सोडून सत्तावीस महिने घरी बसायचं, हा कायदा आहे."

"बसणारच होतो. रजा संपली त्या दिवशी तेच कळवायला आलो होतो. तर दारातच कळलं, बादशहा गेले. सगळी लाल अक्षरं परत मागवली, चरित्राची कचेरी उघडली. नकलनवीस म्हणून नेमणूक झाली. एकतिसाव्या वर्षाची पेटी माझ्या हातात येणार होती, काका. गावी गेलो असतो तर पुन्हा कधीच आली नसती."

"कागद बापाकडे होता."

"एकवीस वर्षं. तांदळाच्या कणगीच्या तळाशी." निए आता भरभर बोलू लागला. साचलेलं बोलणं होतं ते. "पंधराव्या दिवशी सकाळी बादशहांनी शेरा लिहिला. दुपारच्या टपालानं बाबा रवाना करणार होते. तेवढ्यात राजमातेची बातमी आली. छावणीत एकच आकांत. सगळे लाल कुंचले गोळा केले, निळी शाई घोटली. फर्मान निघालं, आजपासून सत्तावीस दिवस लाल अक्षर बाहेर जाता कामा नये. बाबांच्या हातात लाल अक्षर! पाठवलं, तर सुतकात पाठवलं म्हणून गेले असते. परत बादशहांपुढं नेऊन 'निळ्यानं लिहून द्या' म्हणायची हिंमत कुणाची? त्यांनी विचार केला, सत्तावीस दिवस थांबू, मग पाठवू."

"आणि फाङ थांबला नाही."

"त्यानं परवानगीशिवायच कोठारं उघडली. सत्तावीस दिवस संपायच्या आत त्याचं डोकं उडालं होतं. मग बाबांनी पाठवायचं कुणाला?" निएनं बाहीनं तोंड पुसलं. "दरवर्षी त्या बाईचा अर्ज बाबांच्याच टेबलावरून कपाटात जायचा. जाताना एवढंच म्हणाले, 'जिथला आहे तिथं ठेव.' मी ठेवला. आता तुम्ही प्रधानांना माझं नाव सांगा. चौघं कशाला मरायचे?"

केशितूला एकदम हलकं वाटलं. गुन्हेगार सापडला होता, कबुलीसकट. उद्या एक नाव उच्चारलं की बाकीचे तिघे सुटत होते. त्यात तो स्वतः होता. पोटातला बर्फ वितळू लागल्याचं त्याला स्पष्ट जाणवलं, आणि त्याची लाजही वाटली.

६

प्रधान खुतुरी बरोबर दुपारी आले. पालखीतून उतरले, पेटीला नमस्कार केला, बसले. सत्तरीचा सडसडीत माणूस, आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला पुढं झुकावं लागे. त्यामुळं सगळे कायम वाकलेलेच दिसत.

"पहिलं उत्तर," ते म्हणाले.

केशितू पुढं झाला. गुडघे टेकायचे होते, ते आपोआपच टेकले गेले. त्यानं दोन्ही हातांनी कागद पुढं केला.

प्रधानांनी पाहिला. चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. "लाल आहे."

"हो, सरकार."

"पंधरावा दिवस. सुतकातला."

"हो, सरकार."

"मग खोटा." श्यांगसाहेबांनी मागं सुटकेचा निःश्वास टाकला. "बनवणारा कोण?"

"सरकार म्हणतात तसंच लिहितो," केशितू म्हणाला. "सुतकाच्या दिवसांतलं लाल अक्षर खोटं, असा नियम झाला. फक्त नियम झाला की तो सगळ्या पेटीला लावावा लागेल. त्या चार दिवसांतले लाल शेऱ्याचे आणखी तीन कागद आहेत. तेही खोटे म्हणून बाजूला काढू ना?"

"कसले कागद?"

"एक अंगरख्यांचा. एक घोड्यांच्या दाण्याचा." केशितूनं तिसरा उलगडला. वाचायला त्याकडे पाहिलं नाही. पाठ होतं. "आणि हा तेराव्या दिवशीचा. 'खुतुरी, तुझं काम पसंत आहे. प्रांताची सुभेदारी घे.'"

अंगणात कबुतरं घुमत होती. दामरिननं श्वास रोखला होता. एवढा मोठा माणूस श्वास रोखतो तेव्हा कळतं.

"हाही खोटा ठरला," केशितू पुढं म्हणाला, "तर सरकारांना सुभेदारी कुणी दिलीच नव्हती. मग त्या सुभेदारीत जी डोकी उडवली गेली, ती..."

"वाक्य पुरं करू नकोस."

"नाही करत, सरकार."

प्रधानांनी तेराव्या दिवशीचा कागद त्याच्या हातून घेतला आणि मिटला. केशितूच्या मानेवरून घामाचा एक ओघळ अंगरख्याच्या आत गेला. तो वस्तऱ्यासारखा गार होता.

"खरा धरला," प्रधान शेवटी म्हणाले, "तर चरित्रात काय लिहिशील?"

"'आठव्या महिन्यात पूर आला. बादशहांनी कोठारं उघडवली, मामलेदार फाङनं आज्ञेप्रमाणे ती उघडली.' तारीख लिहायची गरज नाही. शाईच्या रंगाचीही नाही. वाचणारे म्हणतील, केवढा दयाळू राजा."

"आणि नववा महिना?"

"पानं मर्यादित आहेत, सरकार."

"दुसरं उत्तर. आत कुणी घातला?"

इथं केशितूनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निएचा चेहरा दिसला असता, आणि मग आवाज फुटला नसता. "कुणी नाही. दमटपणानं दोन कागद एकमेकांना चिकटले होते. यादी करताना ते एक म्हणून मोजले गेले. मी सोडवले. गणती चुकली."

"राजवाड्याच्या मोहोरेखाली?"

"यादी करणारे हंसाहेब गेल्या महिन्यात वारले, सरकार." कचेरीतल्या चुका नेहमी वारलेल्या माणसाच्या असतात, हे प्रधानांना त्याच्यापेक्षा जास्त वर्षं ठाऊक होतं.

"ठीक."

इथं उठून निघून जावं, एवढी साधी अक्कल केशितूला होती. पण जन्मात पहिल्यांदा त्याचं तोंड त्याच्या भीतीच्या पुढं धावलं. "एक राहिलं, सरकार. आज्ञा पाळणाऱ्याची बायको हद्दपारीत आहे. चरित्र वाचून उद्या कुणी विचारलं, का..."

प्रधान हसले. कचेरीतल्या कुणीही त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची कुणाला इच्छा झाली नाही.

"तुझी आठवण फार चांगली आहे, केशितू. छावणीतही होतास, नाही का?" त्यांनी कुंचला मागवला. "माफीचं पत्र मी देतो. असं पत्र भरवशाच्या माणसानंच न्यावं."

७

निएच्या वडिलांच्या निधनाची बातमी 'आलेलं' पत्र दुसऱ्या दिवशीच्या टपालात होतं. अक्षर मासा आणि घोडा सारखेच काढणाऱ्या माणसाचं होतं, पण श्यांगसाहेबांनी ते न वाचताच रजा मंजूर केली. निए गावी जाताना केशितूच्या पायांवर डोकं ठेवून राहिला. उठवायला दामरिनला यावं लागलं.

केशितू हुकूम घेऊन घरी आला तेव्हा बायको अंगणात कोबी वाळत घालत होती. त्यानं हुकूम वाचून दाखवला. मांचू भाषांतरकार केशितू यानं माफीचं पत्र स्वतः इलीला न्यावं, विधवा फाङ हिच्या हातात द्यावं.

"किती दिवसांची वाट?"

"सात महिने. बर्फ आडवा आला नाही तर."

"आणि परत कधी यायचं?"

"ते त्यांनी लिहिलेलं नाही."

तिनं हात पुसले, हुकूम स्वतः हातात घेतला, आणि उलटा करून मागंही पाहिला. मागं काही नव्हतं. मग ती आत गेली. पेटारा उघडल्याचा आवाज आला. तिनं त्याचा कापसाचा जाड अंगरखा बाहेर काढला, झटकला, खाटेवर टाकला. मग आणखी एक काढला, आखूड, कोपरावर ठिगळ असलेला. आणि घोड्यावर बसायचे तिचे जुने बूट.

"हे कुणाचे?" केशितूनं उगाच विचारलं.

"पत्र तुम्ही एकटे देणार?" ती बुटांतली धूळ आपटून काढत म्हणाली. "ती बाई पहिला प्रश्न विचारेल, एकवीस वर्षं का लागली. तुम्ही सांगाल, गणती चुकली. तिला खरं सांगायला कुणी नको का बरोबर?"